लेख येईपर्यंतची जागा

नागझिरा जंगलाच्या चोरखमारा गेटपाशी जिप्सीत चढता चढता मास्तरांनी फोनवर एक वाक्य टाकलं, "गुलाबभाऊ, लेख पाठवला, लावून टाका!" आणि त्या एका वाक्यापायी गोंदियातल्या एका माणसाचं घरातलं बोलणं त्याच संध्याकाळी चहाच्या टपऱ्याटपऱ्यांवर वाचलं गेलं.

मास्तर म्हणजे हे लिहिणारा इसम. शाळेतून निवृत्त झाल्यावर गप्प बसवेना, म्हणून 'झाडीची हाक' या सायंदैनिकात दर गुरुवारी पहिल्या पानाच्या तळाशी एक चौकट लिहितो. वर नाव, डाव्या अंगाला फोटो (निवृत्तीच्या बऱ्याच आधीचा, केसांसकट) आणि खाली हलकंफुलकं काहीतरी. त्या गुरुवारी नागपूरचे साडू सहकुटुंब नागझिऱ्याला आलेले. लेख फोनात तयार होता, मास्तरांनी तो धाडलाही होता. पण नेटवर्कनं जंगलाचं तिकीट काढलेलं नसावं. ते बाहेरच राहिलं. लेखाखालचं ते बारीकसं घड्याळ जागचं हललं नाही आणि मास्तरांनी तिकडे बघितलंही नाही. दुपारभर ते साडूंना 'इथून वाघ नुकताच गेलेला दिसतो' असं सांगत राहिले. वाघ दिसला नाही. साडूंनी सांबराचे फोटो काढले आणि तोंड पाडून परत गेले.

मास्तर घरी पोचले तेव्हा देवकाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, ओसरीत पेपर घेऊन बसल्या होत्या. चहा नाही, पाणी नाही.

"काऊन जी," त्या म्हणाल्या, "ही कला कोण?"

"कोणती कला?"

"मलाच विचारता? तुमच्या चौकटीत लिहिलंय. तुमचा फोटो आहे वर. 'कला, आज लय ऊन हाय.' नावानिशी हाक मारली आहे चारचौघांत!"

मास्तरांनी पेपर घेतला. चौकट त्यांची, नाव त्यांचं, केस त्यांचे. मजकूर मात्र असा होता:

'कला, आज लय ऊन हाय. मुर्रीच्या रोडवर लोकांनी धान वाळवाले टाकलं हाय, सायकल कडेकडेनं काढावं लागते. तू असती तं म्हनली असती, कोनाच्या धानावरून चाक नोको नेऊ. नाही नेलं. काल वांग्याची भाजी केली, तिखट जास्त झालं. कोनी काही म्हनलं नाही. मंग मीच म्हनलो, तिखट झालं. रीनाचा फोन आला होता. जेवले का, पुसलं. हो म्हनलो. मंग दोघंही चुप. तो पांढरा कुत्रा अजून येते. मी पेपर खाली टाकतो, तो बरोबर मोठ्या फोटोवर जाऊन बसते. तू बसू देली नसती. आज पान डाव्या अंगानं जड झालं हाय. मले दिसून राहिलं, पन सांगनार कोन. मास्तरचा लेख अजून आला नाही. येईल. तो येत नाही तवरी बस तू. कायची घाई हाय.'

"शेवटपर्यंत वाचलंस का?" मास्तरांनी विचारलं.

मास्तरांचं लिखाण दोन ओळींच्या पुढे वाचायची देवकाबाईंना सवय नव्हती. त्यांनी पेपर परत ओढून घेतला, सावकाश वाचला, चष्मा काढला.

"हे तुम्ही नाही लिहिलं," त्या म्हणाल्या. "भाजीतलं तिखट तुम्हाला कळलंच असतं तर एवढी वर्षं काय पाहिजे होतं. हे गुलाबभाऊंचं आहे. त्यांची घरवाली कलाबाईच ना?"

होती. तीन वर्षांमागे गेली.

गुलाब रामटेके यांचं नाव 'झाडीची हाक'मध्ये कुठेही छापलेलं नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक अशी दुलीचंदभाऊ तुरकरांची चार नावं येतात, म्हणजे एकच नाव चार वेळा. गुलाबभाऊ पान लावतात. ते राहतात त्या मुर्रीत अर्ध्या लोकांना ते पानठेला चालवतात असं वाटतं आणि गुलाबभाऊंनीही कधी खुलासा केलेला नाही. वार्ताहर बातम्या आणतात, दुलीचंदभाऊ जाहिराती आणतात आणि या सगळ्या भांडकुदळ सामानाचा पहिल्या पानावर संसार लावून देतात ते गुलाबभाऊ. लग्नाआधी ते पेंटर होते. राइस मिलच्या भिंतींवर पुरुषभर उंचीची अक्षरं शिडीवर चढून रंगवायचे. मग लग्नपत्रिकांच्या छापखान्यात गेले, तिथून पेपरात. कॉम्प्युटर आला तेव्हा दुलीचंदभाऊ म्हणाले, "गुलाब, सीख ले यार, नही तो मुझे सीखना पडेगा." गुलाबभाऊ शिकले, पेपर वाचला.

त्यांचा एक नियम आहे. फोटोतला माणूस पानाच्या आत बघणारा पाहिजे. "तो बाहेर पाहून राहिला, तं वाचनाराही उठून जाते," असं त्यांचं म्हणणं. या नियमापायी एकदा एका पुढाऱ्याचा वाढदिवसाचा फोटो त्यांनी उलटा फिरवला. पुढारी आत बघू लागले, पण गालावरचा तीळ डावीकडून उजवीकडे गेला आणि मनगटावरचं घड्याळही हात बदलून बसलं. कार्यकर्ते जिना चढून वर आले. "साहेबांचा तीळ कुठे गेला?" गुलाबभाऊ म्हणाले, "गेला नाही जी, इकडून तिकडं आला. तुमच्यात चालते तसं." ती जाहिरात दुलीचंदभाऊंना फुकटात पुन्हा छापावी लागली.

श्रद्धांजलीच्या जाहिरातींचं त्यांचं काम मात्र बघण्यासारखं. आपल्याकडे माणूस गेला की घरात त्याचा एकट्याचा फोटो सापडत नाही. कुठल्या तरी लग्नातला असतो, दहा जणांतला. मग त्यातून गेलेल्याला अलगद सोडवायचं. पाठीमागचा मांडव पुसायचा, शेजारच्या काकूंचा पदर काढायचा, खांद्यावर कोणाचा तरी हात राहिलेला असतो तो बोट-बोट करून काढायचा. गावातल्या किती गेलेल्या माणसांच्या खांद्यावरचे हात गुलाबभाऊंनी काढले असतील, त्यांनाच ठाऊक. कलाबाई गेली तेव्हा तिचा फोटो त्यांनी स्वतः लावला. बोदलकशाच्या धरणावर एका फोटोवाल्यानं दोघांना उभं करून काढलेला. पेपर छापून आल्यावर दुलीचंदभाऊ बघत राहिले.

"गुलाब, भाभीजींच्या खांद्यावर हात राहून गेला यार."

"राहू द्या. माझाच हाय."

कलाबाई चौथी शिकलेली. बातम्या वाचायची नाही. पण गुलाबभाऊ संध्याकाळी पेपर घरी आणत, ती तो जमिनीवर पसरून वरून बघायची, हळदीकुंकवाच्या ताटाकडे बघावं तशी. "आज वरतं लय गर्दी करून ठेवली." "हे कोपऱ्यातलं काळं काऊन टाकलं, तीट लावल्यावानी?" कधी नुसतंच "हं." त्या 'हं'साठी गुलाबभाऊ दुपारभर माऊस सरकवत. पहिल्या पानाला एवढा बारकाईनं बघणारा दुसरा माणूस त्यांना अख्ख्या जिल्ह्यात भेटला नाही. दुलीचंदभाऊ जाहिराती मोजतात, वार्ताहर आपलं नाव शोधतात, मास्तर आपला फोटो. वाचणारे वाचून समोसे बांधतात.

ती गेल्यावर पेपर तसाच घरी यायचा. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली कलाबाईचा तोच फोटो. त्याच्या पुढ्यात गुलाबभाऊ सवयीनं पेपर जमिनीवर पसरत आणि दारातून पांढरा कुत्रा येऊन त्यावर बसे.

आता त्या चौकटीचं. बातम्या काही रांगेत येत नाहीत. दुपारी पान आखताना अर्ध्या बातम्या रस्त्यात असतात. जागा रिकामी ठेवली तर पानाचा तोल समजत नाही, म्हणून तिथं तात्पुरता मजकूर भरायचा आणि खरी बातमी आली की तो पुसायचा. आधी गुलाबभाऊ जुनी बातमी भरत. मग एका वर्षी ऐन पुरात पहिल्या पानावर 'पावसाने दडी मारली' छापून आलं, आणि घरात गुडघाभर पाणी असलेल्या लोकांनी फोन करून दुलीचंदभाऊंना पाणी बघायला बोलावलं. "पुरानी खबर बिलकुल नही!" असा हुकूम निघाला. त्यानंतर गुलाबभाऊ कखगघ, कखगघ भरू लागले. कलाबाई गेल्यावर एक दिवस बोटांनी कखगघच्या जागी भलतंच लिहिलं. 'आज उपास नाही तरी जेवन नाही केलं.' आणि मग रोजच. घरी गेल्यावर जे बोलायचं, ते दुपारीच पानात बोलून घ्यायचं. बातमी आली की पुसून टाकायचं. सगळ्यांत मोठी जागा गुरुवारी मिळायची, कारण मास्तरांचा लेख सगळ्यांत उशिरा यायचा.

त्या गुरुवारी पान जवळपास झालं होतं. जिन्याखाली एक म्हातारी श्रद्धांजलीचा फोटो घेऊन आली. तिला पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून गुलाबभाऊ खाली उतरले. नवऱ्याचा फोटो देताना ती एकेका माणसावर बोट ठेवून 'हा नाही, हा नाही' करत बसली. तेवढ्यात छपाईवाल्यांचा फोन आला. दुलीचंदभाऊंनी पान बघितलं. जाहिराती जागेवर, मास्तरांचा फोटो जागेवर, खाली चौकटभर अक्षरं. मास्तरांनी लेख पाठवल्याचं कानावर आलेलं होतं आणि मास्तरांचं वाचायची सवय त्यांनाही नव्हती. पान छपाईला सोडून दिलं.

शुक्रवारी मास्तर जिना चढून वर गेले ते माफी मागायला. पण दुलीचंदभाऊंनी दारातच मिठी मारली.

"मास्तर! हिट हो गया यार! सकाळपासून फोन बंद नाही. बालाघाटहून एकाने केला. म्हणतो, मास्तरांचं पहिल्यांदा पुरं वाचलं."

"ते माझं नाही."

"पता है. गुलाबने सांगितलं. म्हणून तर! आता दर गुरुवारी हेच. 'कला, ऐक ना.' हेडिंगही काढून ठेवलं मी. वर गुलाबचा फोटो. तुम्हाला चालेल ना? तुम्ही रविवारी या, पान चारवर."

मास्तरांना पान चार चाललं नसतं, पण ते माफी मागायला आले होते. कोपऱ्यात गुलाबभाऊ पाठ करून बसले होते. पाठीलाही शरम वाटत असावी, अशी ती वाकली होती.

"गुलाबभाऊ," मास्तर जवळ जाऊन म्हणाले, "चूक माझी आहे. लेख आलाच नव्हता आणि मी पाठवला म्हणून सांगितलं."

"तुमची कायची चूक जी. चौकट मीच भरली होती." ते पडद्याकडेच बघत राहिले. "रीनाचा फोन आला पुन्याहून. तिले कोनीतरी मोबाईलवर धाडलं. दोन ओळीत वळखलं पोरीनं. म्हने, बाबा, तू आईशी असा बोलतोस, माझ्याशी 'हो' च्या पुढं जात नाही. रडून राहिली होती. पुन्याले चाल म्हनते."

"मग?"

"तिथं जाऊन काय करू? तिच्या इथं पेपर येतच नाही. मोबाईलवर वाचते ते."

दुलीचंदभाऊ मागून म्हणाले, "गुलाब, बस एक दफा लिख दे, पुढच्या गुरुवारसाठी. लोक विचारतील, कलाला पुढे काय सांगितलं?"

"नाही."

"अरे, काऊन नाही?"

"लोकायले सांगासारखं नाही त्यात काही."

दुलीचंदभाऊ मालक होते, पण गुलाबभाऊ गेले तर पान त्यांनाच लावावं लागणार होतं, हे ते विसरलेले नव्हते. ते जाहिरातीच्या फोनकडे वळले. मास्तरांनी निघता निघता पडद्याकडे नजर टाकली. उद्याचं पान आखलेलं होतं. मोकळ्या जागांत ओळीमागून ओळ भरलेली होती: कखगघ कखगघ कखगघ.

त्या कखगघपायी मास्तरांना रात्री जेवण गोड लागलं नाही.

देवकाबाईंनी रविवारी गुलाबभाऊंना जेवायला बोलावलं. आले. धुतलेला शर्ट, हातात केळी. वांग्याची भाजी केली होती. बरी झाली का विचारल्यावर "बरी झाली" म्हणाले. ताटात काही टाकलं नाही, काही मागितलंही नाही. मास्तरांनी राजकारण काढलं, पाऊस काढला, धानाचा भाव काढला. प्रत्येकाला "हो जी" असं उत्तर मिळालं आणि विषय आपोआप संपला. जाताना दारात चपला घालून गुलाबभाऊ थोडे थांबले. मास्तरांना वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, "कुत्रं वाट पाहत असन," आणि सायकलवर बसले.

"जेवण झालं," देवकाबाई ताटं उचलताना म्हणाल्या, "बोलणं नाही झालं. तुम्ही त्यांची बोलायची जागाच घालवली."

मास्तर विचार करून करून एका निर्णयाला आले. जागा त्यांनी घालवली होती, तर जागा तेच परत देणार. लेख बुधवारीच लिहून व्हायचा. तो त्यांनी खिशात दाबून ठेवायला सुरुवात केली. गुरुवारी सकाळी फोन: "गुलाबभाऊ, अजून सुचत नाही. चौकट ठेवा मोकळी. वेळ आहे." दुपारी: "शेवट जमत नाही हो. बसा थोडं." आणि छपाईवाल्यांचा फोन यायच्या बेतात असताना लेख धाडायचा. या काळात गुलाबभाऊ त्या मोकळ्या चौकटीत कलाबाईशी दोन शब्द बोलतील, असा हिशेब. देवकाबाईंना हा बेत सांगितला तेव्हा त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "तुमचा लेख उशिरा येण्यात कोणाचं भलं असू शकतं, हे मला पटतं."

असे बरेच गुरुवार गेले. थंडी पडली. रस्त्यावरचं धान उचललं गेलं. लेख उशिरा जात राहिला, छापून येत राहिला आणि गुलाबभाऊंनी एकदाही तक्रार केली नाही. मास्तरांना वाटलं, बेत लागू पडला. खात्री करायला ते एका गुरुवारी, लेख कागदावर उतरवून तो खिशात घेऊन, ऑफिसात जाऊनच बसले.

दुलीचंदभाऊ स्वेटर घालून हिशेबात होते. "बरं झालं आलात मास्तर. जरा समजवा याला. आजकाल पान सोडलं तरी घरी जात नाही. सगळे गेले तरी बसून असतो कॉम्प्युटरवर. मी म्हणतो, गुलाब, पेपर तर गेला छपाईला, आता काय करून राहिला? तर म्हणतो, होते थोडं काम."

मास्तर खुर्ची ओढून गुलाबभाऊंच्या शेजारी बसले. पान तयार होतं. वर बातमी, मधे एका पुढाऱ्याचा वाढदिवस (नीट आत बघणारा, तीळ जागेवर), खाली मास्तरांचा फोटो आणि त्याखाली कखगघ कखगघ कखगघ.

मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली.

"अजून सुचत नाही हो," ते म्हणाले. "चौकट राहू द्या मोकळी. घाई नाही. मी तिकडे खिडकीपाशी बसतो. तुम्ही तुमचं... भरत बसा काही तरी. कखगघच पाहिजे असं कुठे आहे? मी बघणार नाही. पाठ करून बसतो."

गुलाबभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. मास्तरांकडे बघितलं. मग मास्तरांच्या खिशाकडे बघितलं, जिथून घडी घातलेला कागद निम्मा वर आला होता. इतक्या गुरुवारांचं सगळं त्यांच्या तोंडावरून सावकाश फिरून गेलं. हसू म्हणावं तर ते हसू नव्हतं. खाली सायकलच्या दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं, तेवढा आवाज येत राहिला.

त्यांनी हात लांब करून मास्तरांच्या खिशातून कागद काढून घेतला, पडद्यासमोर टेकवला आणि कखगघ पुसायला घेतलं.

"गुलाबभाऊ, अहो, पण मग कलावहिनींशी..." मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

गुलाबभाऊ मान न वळवता म्हणाले, "मास्तर, तुमचा लेख टायमावर देत जा जी, तिचं पान मी आता अलग लावतो."